पहिल्या गटाचे काय?

बी.एड.च्या वर्षातले फारसे काही आता लक्षात नाही. मानसशास्त्राच्या व्याख्या गेल्या, शिक्षण आयोगांचे क्रम गेले. राहिली ती छत्तीस मिनिटे. सूक्ष्म अध्यापनाचे एक चक्र तेवढे असते. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण ऐकायचे, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे ऐकून घ्यायचे. एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फलकलेखन. बाकांवर बसलेले ‘विद्यार्थी’ म्हणजे आमच्याच वर्गातली मंडळी. त्यांतले एक-दोघे तर बाप झालेले. ते पाचवीतल्या मुलांसारखे हात वर करीत आणि शिकवणाऱ्याची गंमत पाहायला मुद्दाम चुकीची उत्तरे देत.

ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तिथे समोर खरी मुले बसत. पाठ सुधारून पुन्हा द्यायचा तो मात्र दुसऱ्या गटाला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. त्याच मुलांना तोच पाठ दुसऱ्यांदा दिला, तर शिक्षक सुधारला की मुलांना आधीचेच आठवले, हे कळायचे कसे? हे वाचताना मी पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते, ‘पहिल्या गटाचे काय?’ त्या मुलांच्या वाट्याला कच्चा पाठ आला आणि ती घरी गेली. पक्का पाठ दुसऱ्यांनी ऐकला. मी आमच्या प्राध्यापकांना विचारले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, “हा प्रश्न परीक्षेला येत नाही.”

प्रश्न परीक्षेला आला नाही, पण गेल्या रमजान ईदला घरी आला. माझा एक विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या उर्दू शाळेतून निघालेला, पुढे नागपुरात इंजिनियर झालेला. शीरखुर्मा खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि म्हणाला, “सर, एक योजना दाखवायची आहे. तुम्ही भाषेचे मास्तर.” आमचे बोलणे अर्थात आमच्या ब्रह्मपुरी उर्दूत झाले. इथे ते मराठीत देतो.

त्याच्या हाताखालून आधी कझाक भाषा शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचे काम गेले होते. कझाकस्तान हे नाव आता आपल्या तालुक्यांनाही नवे राहिलेले नाही. डॉक्टर व्हायला आपली मुले अल्माटी, कारागांडा अशा शहरांत जातात. वर्गातले शिकणे इंग्रजीत होते, पण वॉर्डातला रोगी काही इंग्रजीत कण्हत नाही. तो कझाकमध्ये किंवा रशियनमध्ये कण्हतो. म्हणून ते अ‍ॅप. आता त्याच्या मनात होते की हीच घडी आपल्याकडे उतरवावी. भामरागड, एटापल्लीकडे बदली होऊन जाणाऱ्या सिस्टर, शिक्षक, तलाठी यांना माडिया गोंडी शिकवणारे अ‍ॅप करावे. पैसे मिळवायचे नाहीत. सुट्टीच्या दिवसांत, तीन मित्रांनी मिळून.

गोंडी म्हणजे काही दोन-चार खेड्यांची बोली नव्हे. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली आहे, आणि अजून ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. वैनगंगा ओलांडून आपण आरमोरी, गडचिरोलीच्या पुढे खाली उतरत गेलो की ती कानावर पडू लागते. नदीच्या या काठाला राहून आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना तिचे दहा शब्द येत नाहीत. माझेही तसेच. भाषेचा मास्तर म्हणून तो माझ्याकडे आला तेव्हा मला आधी याचीच लाज वाटली.

त्याची योजना मात्र मला आवडली. त्यांच्या धंद्यात या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या बर्फावरच्या खेळांच्या ठिकाणी सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक लहानसे निवेदन काढले. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे. करारातल्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाशी मिळून काम करणे मोलाचे. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाप्रमाणे वळणे मोलाचे. आणि रीती व साधने यांपेक्षा माणसे व त्यांचे आपसांतले बोलणे मोलाचे. जूनमध्ये मार्चपर्यंतचे वार्षिक नियोजन वहीत भरून देणाऱ्या मास्तराला हे वाचून गहिवरून येईल नाही तर काय! ऑगस्टात पुराने आठ दिवस शाळा बंद राहते, वही खोटी पडते, आणि तरी तपासणीला तीच दाखवावी लागते.

त्याने कामांची यादी केली होती. तिला बॅकलॉग म्हणतात. यादीतले प्रत्येक काम वापरणाऱ्याच्या तोंडी घातलेले होते. ‘मी सिस्टर आहे. मला “कुठे दुखते” असे विचारता आले पाहिजे, म्हणजे रोग्याला योग्य डॉक्टरकडे पाठवता येईल.’ ‘मी शिक्षक आहे. मला “उद्या ये” असे म्हणता आले पाहिजे.’ दर पंधरवड्याला, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये, यादीतली वरची चार-पाच कामे पुरी करायची. रोज पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बोलायचे, काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले. पंधरवड्याच्या शेवटी झाले तेवढे वापरणाऱ्याला दाखवायचे, त्याचे ऐकायचे आणि पुढचा पंधरवडा त्यावरून ठरवायचा. तीन स्प्रिंटमध्ये, दीड महिन्यात, पन्नास वाक्यांची पहिली आवृत्ती वीस सिस्टरांच्या हातात. मग दुरुस्त्या. मी त्याला म्हटले, “हे तर आमचे छत्तीस मिनिटांचे चक्र आहे, फक्त लांबवलेले.” तो खूश झाला. मीही झालो. मग मी त्याची पन्नास वाक्ये पाहिली.

त्यांत एक होते, ‘मीठ कमी खा.’ रक्तदाबाच्या रोग्यासाठी. मिठाला शब्द दिला होता ‘सोवर’. हा कुठला, असे विचारले तर म्हणाला, बालाघाटकडच्या एका गोंड मित्राने सांगितला. शब्द खराच आहे, पण तो तिकडचा. गोंडी ही शेकडो कोसांवर पसरलेली भाषा, आणि तिच्यात शब्दाच्या तोंडी असलेला ‘स’ जागेप्रमाणे बदलतो. काही भागांत तो ‘स’च राहतो, पुढे त्याचा ‘ह’ होतो आणि डोंगरातल्या माडियांच्या तोंडी तोही गळून जातो. सोवर, होवर, ओवर. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्यासारख्या मोठ्या भाषाशास्त्रज्ञाने या एका ध्वनीच्या वाटचालीवर १९९८ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. बी.एड.नंतर बहिःस्थ एम.ए. करताना भाषाविज्ञानाच्या पेपरासाठी मी याच्या टिपणी काढल्या होत्या. माझे गोंडीचे ज्ञान एवढेच, परीक्षेपुरते. ते प्रथमच कोणाच्या कामी आले.

“मग काय झाले?” तो म्हणाला. “लोक सांगतील. पुढच्या स्प्रिंटमध्ये बदलू.”

“कोण सांगेल?”

इथे आमचे बोलणे अडले. सिस्टर सांगणार नाही, कारण तिला माहीतच नाही. माहीत असते तर तिने अ‍ॅप कशाला उघडले असते? ज्या म्हातारीला ती ‘सोवर’ म्हणेल, तिच्याकडे अ‍ॅप नाही, बहुधा रेंजही नाही, आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईला ‘तुझे चुकले’ म्हणण्याची सवय तर मुळीच नाही. ती गप्प बसेल. त्याहून वाईट शक्यता दुसरी आहे. तिला शब्द कळेल, आणि वाटेल की फोनमधले ते शुद्ध, आपण बोलतो ते अडाण्याचे. पंधरवड्याच्या शेवटी झालेले काम ‘वापरणाऱ्याला’ दाखवायचे, असे त्यांची पद्धत सांगते. वापरणारी सिस्टर. पन्नास वाक्यांना ती पाचपैकी पाच तारे देईल. जिची भाषा आहे ती बाई त्या सबंध यादीत एकदाही ‘मी’ म्हणून आलेली नव्हती. ती फक्त ‘रोगी’ होती.

मी त्याला विचारले, कझाकचे तुम्ही काय केलेत? तिथे तर लिपीचाच प्रश्न असेल. तो म्हणाला, होता. आणि त्याने जे सांगितले ते मला अर्धवट माहीत होते. उर्दूचा माणूस असल्यामुळे त्या गोष्टीकडे माझे कान आधीच टवकारलेले असतात. कझाक भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत. अहमत बायतुर्सिनोव्ह नावाच्या शिक्षकाने १९१२ च्या सुमारास त्या लिपीची कझाक उच्चारांना बसेल अशी फेरमांडणी केली, प्राथमिक शाळेची पुस्तके लिहिली. तीच लिपी चीनमधले कझाक आजही वापरतात. सोव्हिएत राज्यात १९२९ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. १९३७ मध्ये बायतुर्सिनोव्हना गोळ्या घालून ठार केले. १९४० मध्ये लॅटिन जाऊन सिरिलिक आली, बेचाळीस अक्षरांची. लॅटिन राहिली अकरा वर्षे.

ही अकरा वर्षे मला सोडत नाहीत. १९३० साली सात वर्षांचे मूल शाळेत गेले असेल तर सतराव्या वर्षी त्याच्या गावची पाटी बदलली. आजोबांची पत्रे अरबीत, त्याची वही लॅटिनमध्ये, धाकट्या भावाचे पुस्तक सिरिलिकमध्ये. सरकारच्या दृष्टीने आवृत्ती बदलली. त्या मुलाच्या दृष्टीने काय बदलले? पुढे स्वतंत्र कझाकस्तानने २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा लॅटिनकडे जायचे ठरवले. पहिल्या मसुद्यात अक्षरांच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफीची गर्दी होती. लोकांनी नावे ठेवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मसुदा बदलला, २०२१ मध्ये पुन्हा एक नवा आला, आणि बदल सावकाश, २०३१ पर्यंत करायचे म्हणून ठरले. यावेळी निदान पोरांच्या हाती पुस्तके पडण्याआधी मोठ्यांनी भांडून घेतले. हे मला बरे वाटते. एका पिढीला शिकवून झाल्यावर दुरुस्ती करण्यापेक्षा कागदावर चार वेळा खोडलेले चांगले.

गोंडीच्या वाट्याला तर लिप्याही अनेक आल्या. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक बसवली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात हस्तलिखितांतून दुसरीच एक, जुनी, उजेडात आली. संगणकाच्या युनिकोडमध्ये पहिली २०१७ ला गेली, दुसरी २०१८ ला. एरवी महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, पलीकडे तेलुगू अक्षरांत. माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणूनच सर, आम्ही लिपी ठेवतच नाही. नुसता आवाज ठेवतो.” हे मात्र त्याने हुशारीचे केले होते.

पण त्याचा खरा मुद्दा पुढेच होता, आणि तो त्याने जरा चिडून मांडला.

ब्रह्मपुरीत दवाखाने पुष्कळ. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून लोक जीप करून, एस.टी. बदलत इथे येतात. मागे त्याची आई एका दवाखान्यात भरती होती तेव्हा शेजारच्या खाटेवर अशीच एक माडिया बाई होती. बरोबरचा माणूस औषध आणायला गेलेला. सिस्टर तिला मराठीत विचारी, कळले नाही की तेच मोठ्याने विचारी. आपण सगळे असेच करतो. आपली बोली न कळणारा माणूस बहिराच असावा अशी आपली समजूत असते. ती बाई प्रत्येक प्रश्नाला मान हलवी. पोटात दुखते का, हो. छातीत, हो. पाय, हो. “त्या रात्री सर, चुकीचा ‘सोवर’सुद्धा चालला असता,” तो म्हणाला. “तुम्ही पहिल्या गटाचे विचारता. ज्या गटाला पाठच मिळाला नाही, त्याचे काय? तुमचे सगळे शब्द शुद्ध होईपर्यंत त्यांनी काय करायचे?”

मी आत चहाला सांगितले. दुसरे काही सुचले नाही म्हणून.

कारण तो खरे बोलत होता. वाट पाहणे निर्दोष असते असे आपण मास्तर लोक समजतो. परिपूर्ण पुस्तक येईपर्यंत थांबा, तज्ज्ञांची समिती बसेपर्यंत थांबा. थांबण्याची किंमत जो देतो तो कधी समितीत नसतो. हेमलकशाला १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे गेले ते काही माडियाचे व्याकरण पाठ करून गेले नाहीत. रोग्यांशी बोलता बोलता शिकले, म्हणजे चुकत चुकतच शिकले असणार. त्यांना आपण दोष देत नाही, उलट नमस्कार करतो. मग या पोराला मी कुठल्या तोंडाने अडवू?

त्याच्यावर रात्री अंथरुणात विचार करीत राहिलो, आणि एक फरक दिसला. हेमलकशातली चूक ज्याच्यासमोर होई, तोच ती ऐके. तो हसे, किंवा गोंधळून पाही, आणि डॉक्टरला तिथेच कळे. चुकणारा आणि सुधारणारा एकाच झाडाखाली बसलेले. अ‍ॅपमधली चूक एका खोलीत होते, हजार फोनांत जाते, आणि जिच्या कानावर पडते ती बाई त्या खोलीच्या वाटेवरही नसते. आमच्या बी.एड.च्या वर्गात चुकीचा पाठ ऐकणारे मित्र होते. त्यांना माहीत होते की हा सराव आहे. त्या जाणतेपणामुळेच तो खेळ निर्दोष होता. ज्याला आपण सरावासाठी वापरले जात आहोत हे माहीत नाही, त्याच्यावर केलेला सराव म्हणजे दुसरेच काहीतरी.

लहानपणी मकतबात मौलवीसाहेबांनी हुकूकुल-इबाद समजावले होते. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा करा, तो माफ करणारा आहे. बंद्याचा हक्क बुडवला तर मात्र त्या बंद्याकडे जावे लागते. त्याचे देणे देऊन, त्याच्याकडून माफी घेऊन यावे लागते. मधल्या मधे काही होत नाही. तेव्हा मला हे शेजारच्याच्या पेरवाच्या झाडासंबंधी वाटले होते, कारण प्रसंग तोच होता. आता वाटते, ‘पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केले’ या वाक्यात नेमके हेच राहून जाते. दुरुस्ती पुढच्याला मिळाली. ज्याचे बुडाले त्याच्याकडे कोणी गेले नाही. फोनवर अ‍ॅप नवे होते तेव्हा खाली बारीक अक्षरांत येते, ‘काही त्रुटी दूर केल्या आहेत.’ कोणत्या, कोणाला भोवल्या, हे कधी येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तोवर त्यानेही शोधाशोध केली होती. २०१४ ते २०१८ या काळात निरनिराळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसून प्रमाण शब्दकोशासाठी खपले, हे त्याला सापडले. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ नावाचे भाषांतराचे साधन आणले, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्या जोडीला गोंडीही आहे, तेही त्याने उघडून दाखवले. ते ‘बीटा’ रूपात काढले होते. माझ्या आईने पलीकडून ऐकले आणि विचारले, कोणाच्या बेट्याचे बोलता? मी म्हटले, अम्मी, खरेच तसे आहे. बीटा म्हणजे ज्या वस्तूच्या चुका आधी वापरणाऱ्यांनी शोधून द्यायच्या असतात ती. पहिला गट. पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे हे मान्य केले पाहिजे. कच्चे आहे असे पाटीवर लिहिलेले आहे. ती पाटी वाचता न येणाऱ्याचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

मी त्याला मोहगावचे सांगितले. धानोरा तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कायद्याचे कायदेवाले बघतील. मला त्यातले एवढेच दिसते की तिथेही पाठ नवे आणि पुस्तके नवीच करायची होती. तिथेही पहिला गट होताच. फक्त तो त्यांच्याच पोरांचा होता. चुकले तर संध्याकाळी तेच पोर घरी येऊन त्याच बोलीत सांगणार. चुकण्याचा अधिकार त्यांनी स्वतःच्या घरावर घेतला होता. आपण घेत होतो तो दुसऱ्याच्या घरावर.

त्या दोन दिवसांत योजना बरीच बदलली. यादीतली वाक्ये उलटी झाली. पहिले काम आता असे होते. ‘मी बाई आहे, माझे पोट दुखते. समोरच्या सिस्टरला माझे चुकीचे कळले, तर मला तिला थांबवता आले पाहिजे.’ म्हणून पहिला धडा ‘कुठे दुखते’ राहिला नाही. पहिला धडा ठरला, ‘मला तुमची भाषा नीट येत नाही, चुकले तर सांगा.’ हे वाक्य ज्याला बिनचूक म्हणता येईल, त्यानेच पुढचे शिकावे. औषध किती घ्यायचे आणि ऑपरेशनला संमती, ही दोन कामे पहिल्या आवृत्तीतून काढून टाकली. तिथे माणूसच हवा. प्रत्येक शब्दाखाली ज्या गावात तो टिपला त्या गावाचे नाव येणार. ज्यांचा आवाज घेतला त्यांना त्यांचा मोबदला, आणि नको वाटेल तेव्हा आवाज काढून घेण्याची मुभा. पहिल्या पंधरवड्यात संगणक उघडायचाच नाही, भामरागडकडे जाऊन बसायचे. आणि ज्या वीस सिस्टर पहिल्यांदा वापरतील त्यांची नावे एका साध्या वहीत लिहायची. एखादा शब्द चुकीचा निघाला तर त्या विसांना फोन करून सांगायचे, आणि शक्य असेल तिथे त्यांनी तो शब्द कोणाला म्हटला तेही विचारायचे. वहीची कल्पना माझी. त्याने तिला ‘सरांचे रजिस्टर’ असे नाव दिले आणि हसला. दीड महिन्याचे पाच महिने होणार होते. तीन मित्रांपैकी एकाने तेवढ्यावरच अंग काढले. त्याला मी दोष देत नाही, त्याची सुट्टी तेवढीच होती.

मला यात सगळे सुटले असे वाटत नाही. या पाच महिन्यांत कितीतरी बायका वॉर्डात मान हलवीत राहतील, आणि त्यातला थोडा भार आता माझ्या रजिस्टरवरही आहे.

निघताना तो जोडे घालता घालता म्हणाला, “सर, तुमचा पहिला गट म्हणजे आम्हीच की.”

त्याने गमतीत म्हटले. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तो पाचवीत होता. माझे शिक्षण पहिल्यापासून उर्दूतून झालेले, मराठी पुस्तकातून उतरलेली, आणि मला वर्ग दिला मराठीचा. हातात ‘मराठी सुलभभारती’. आमच्या भागाची झाडीबोली. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळा नव्हे, डोरा. शाळा नव्हे, शारा. मला ते निव्वळ अशुद्ध वाटे. “‘शारा’ म्हणालो म्हणून तुम्ही मला ‘शाळा’ दहा वेळा लिहायला लावले होते,” तो म्हणाला. वाईट वाटले होते का, असे मी विचारले. “मला नाही. मी दुसऱ्या दिवशी विसरलो. ती एक होती ना, खिडकीजवळ बसायची. ती मग बोलेनाशीच झाली.”

मला ती आठवत होती. तिचे घर मोहल्ल्याच्या टोकाला होते, शेजार सगळा मराठी. संबंध वर्गात खरी मराठी येत होती ती तिला एकटीला. शेजारणींच्या नकला करून ती सगळ्यांना हसवी. मी तिचा एकेक शब्द दुरुस्त केला. सहा महिन्यांत ती अर्ध्या वाक्यात उत्तर देऊ लागली. परीक्षेत तिला चांगले गुण पडले, आणि मला वाटले, माझे शिकवणे फळाला आले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर केवढे काम केले आहे, तिचा कोश केला आहे, हे मला फार पुढे कळले. तेव्हापासून मी फळ्याचे दोन भाग करतो. इकडे घरचा शब्द, तिकडे पुस्तकातला. मुले धडाधड सांगतात, वर्गाला रंग चढतो. सुधारलेला पाठ सगळा नंतरच्या मुलांना मिळाला.

या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत ती आली. मुलीला पहिलीत घालायचे होते. मी ओळखले नाही, तिनेच सलाम करून नाव सांगितले. बोलणे अगदी नीट, जोखून, पुस्तकी मराठीत, मी उर्दूत बोलत असूनही. पोरगी दारातून आवाराकडे पाहत होती. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी तिला सहज विचारले, “कुठं आली गं बेटा?”

“शारेत,” पोरगी म्हणाली.

तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाळेत म्हण. सरांसमोर तरी.”

मी म्हटले, “राहू दे. शारेत पण बरोबर आहे.”

सर मोठ्या मनाने बोलतात तसे काही बोलले असावेत, असे समजून ती हसली. “नाही सर,” ती म्हणाली, “आत्ताच सवय लागलेली बरी.” आणि अर्जावर सही कुठे करायची ते विचारले.